माझ्या गोलकीपरची जागा

आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी माझ्या गोलकीपरला फसवलं. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, आणि मला दिलेला शब्द मोडून फसवलं.

मी धंद्याने हेडी. गंगाखेड, सोनपेठच्या बाजारात बैल घेतो, विकतो. परभणीला कॉलेजात होतो तेव्हा सकाळी फुटबॉल आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचो. दोन्ही संघांत माझी जागा पक्की होती, नोकरीत मात्र कुठेच नव्हती. घरी ना जमीन ना वशिला. एका म्हाताऱ्या हेड्याच्या मागे फिरून धंदा शिकलो आणि आज माझी स्वतःची दावण आहे. त्यामुळे कुणी मला सौद्यात भोळा समजलं की माझं डोकं फिरतं.

शाळेला मुलींच्या फुटबॉलसाठी कुणी प्रशिक्षक मिळेना. मी अध्यक्षांच्या ओट्यावर बसून सौदा केला. पगार नको, पण संघ मी निवडणार, त्यात कुणी हात घालायचा नाही. त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. बाजारात एकदा इसार घेतला की मागून कुणी कितीही बोली वाढवो, बैल दुसऱ्याच्या दावणीला जात नाही. ती टाळी मी इसारच समजलो.

गोलकीपर नववीतली. बाप वीटभट्टीवर. पोरगी लुकडी, कमी बोलणारी. तिला मी कबड्डीतलंच शिकवलं. चढाई करणारा पाय कसेही नाचवेल, डोळे कुठेही फिरवेल, पण त्याची कंबर खोटं बोलत नाही. पेनल्टी मारणारीचंही तेच. परभणीला जिल्ह्याचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला आणि हिने समोरच्या पोरींना रडकुंडीला आणलं. सरकारी क्रीडा वसतिगृहाचे निवडकर्ते आले होते. म्हणाले, "विभागीय स्पर्धेत हिला परत बघतो." तिथे राहणं, शिकणं, खेळणं सगळं सरकारच्या खर्चाने. फक्त वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी ती बसणार नाही. हे मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांना सांगितलं. ते जिंकल्याचे पेढे खात होते.

विभागीय स्पर्धेला निघायच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडी उभी होती. आत गोलकीपरची जर्सी घालून अध्यक्षांची भाची बसलेली. ती दहावीत, आणि तिला खेळाचे वाढीव गुण हवे होते. चेंडू तिने आजवर फक्त फोटोपुरता धरला होता. माझी पोरगी बाहेर आपल्या पिशवीवर बसून होती.

"हे काय साहेब?"

"अहो, पुढच्या वर्षी हाय की! तुमची नववीतच हाय अजून."

"पुढच्या वर्षी तिचं वय बसत न्हाई. सांगितलं होतं तुमाला. इसार घेतलेला बैल आमी दुसऱ्याला देत न्हाई."

"पोरी म्हंजे बैल हायेत का हो हेडी?" ते हसले. ड्रायव्हर हसला, शिपाईही हसला.

"बैल असता तर तुमी दात तरी बघितले असते," मी म्हणालो. "हिच्याकडं मान वर करूनबी बघितलं न्हाई."

मी गाडीपुढे आडवा उभा राहिलो. शेवटी ते म्हणाले, "बरं, राखीव म्हणून न्या. उतरवा मधी." मी मानलं, कारण आत बाकीच्या पोरी तयार होऊन बसल्या होत्या. तिकडे पोचल्यावर संयोजक म्हणाले, हिची नोंदच केलेली नाही. एकाच सकाळी दोनदा फसवणूक झाली.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. माझी पोरगी गोलामागून ओरडत होती, "कंबर बघ गं, कंबर!" पंचांनी तिला लांब केलं. भाची दर वेळी उलट्या बाजूला पडली आणि शेवटी जर्सीत तोंड खुपसून रडली. तिच्यावर माझा राग नाही, तिलाही ढकललंच होतं. निवडकर्ते माझ्याकडे आले.

"ती तुमची गोलकीपर कुठाय?"

मी बोट दाखवलं.

"खेळताना बघितल्याशिवाय नाव कसं घेऊ?" म्हणाले आणि गेले.

परतताना माझी गोलकीपर मला म्हणाली, "मामा, तिला जरा शिकवा. लय घाबरती ती." हिला राग येत नाही, म्हणून माझा दुप्पट होतो.

आता मिटवामिटवी चालू आहे. अध्यक्षांचा माणूस येऊन गेला. मैदानाला माझ्या नावाची कमान उभारतो म्हणे, विषय सोडा. मी जन्मभर घासाघीस केली, पण या गोष्टीची करणार नाही.

साहेब, कमान राहू द्या. सकाळी सरावाच्या वेळी मैदानावर या. सगळ्या पोरी असतात. तिची जागा तुम्ही कोणत्या हक्काने दुसरीला दिलीत आणि आता वसतिगृहाचं दार तिला कसं उघडून देणार, ते तुमच्या तोंडाने सांगा. मला नको. तिला सांगा.