खलास म्हणण्याआधी

दुकानात पाय ठेवून कुणी "कॉम्प्युटर बिघडला" म्हटलं, की वहिनी फाडकन विचारायच्या, "बिघडला म्हणजे काय? दिवा लागतो? पंखा फिरतो? पडद्यावर काय येतं, तेवढं सांगा. निदान मी करीन." गिऱ्हाइकं वैतागायची, पण दुरुस्तीला वहिनीच हव्यात म्हणायची. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच उभं ठेवलं होतं. गल्ल्यावर धाकटा दीर बसायचा. माणूस लाखात एक, पण जिभेला हाड नाही. त्याच्या लेखी प्रत्येक मशीन एक तर "ओके", नाहीतर "खलास".

शिंपीकाकांचा कॉम्प्युटर त्यानंच दुरुस्तीला घेतला. काका म्हणाले, "बाकी काही गेलं तरी चालेल. आमच्या हिचा आवाज आहे त्यात. शेवटच्या आजारपणात नातवंडांसाठी बोलून ठेवलंय तिनं. दुसरीकडं कुठंच नाही."

दिरानं मशीन चालू केलं. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. झालं! "डिस्क खलास, काका. आवाज विसरा," म्हणून तो मोकळा झाला. आत येऊन वहिनींनाही तेच सांगितलं.

त्या दिवशी कामाचा डोंगर होता. वहिनींनी एवढं एकदाच विचारलं नाही, "खलास म्हणजे काय?" मेलेली डिस्क भोक पाडूनच भंगारात टाकायची, कुणाचं खासगी कुणाच्या हाती लागू नये, हा नियम त्यांचाच. त्यांनी ड्रिल घेतलं, आरपार भोक पाडलं, आणि मशीनमध्ये नवी डिस्क बसवली.

नवीही दिसेना.

त्यांनी डिस्कला जोडणारी वायर बदलली. डिस्क लगेच दिसली. वहिनींनी भोक पडलेली डिस्क उचलून हातात घेतली.

"काय झालं वहिनी?"

"भावोजी, त्यांची डिस्क चांगली होती. वायर खराब होती."

दिरानं दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काकांना तर आधीच सांगितलंय, खलास म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची..."

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. "अख्ख्या जगाला दरडावते, नेमकं बोला म्हणून. आता माझी पाळी."

काका आले तेव्हा त्यांनी ती डिस्क त्यांच्या हातात ठेवली. "काका, फक्त वायर खराब होती. काकूंचा आवाज यात शाबूत होता. भोक मी पाडलं."

जन्मभर फाटलेलं शिवत आलेला तो माणूस भोकावरून अंगठा फिरवत राहिला.

"म्हणजे वायर बदलली असती, तर बोलली असती ती?"

"हो काका. बोलल्या असत्या."