अप्पासाहेबांची चौकट

जयसिंगराव सुतारांना कुणाचंच बरं बघवायचं नाही, असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. गवंड्याचं, लोहाराचं, शेजाऱ्याचं त्यांना खुशाल बघवायचं. बघवायचं नाही ते फक्त दामोदरचं.

हा दामोदर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. इकडे कानडी मुलखात, मल्लेश्वरममधल्या आपल्या जुन्या मराठी घरांपैकी निम्म्यांची दारं जयसिंगरावांनी घडवलेली, आणि रंधा धरावा कसा इथपासून दामोदरला त्यांनीच शिकवलेलं. पण नव्वद सालानंतर लोकांना प्लायवूड हवं, मशीनवर कापलेलं लाकूड हवं, आणि काम कालच झालेलं हवं. दामोदर मोपेडवरून नव्या वस्तीचं कोरमंगला पालथं घालायचा आणि हे पडवीत बसून कुणाच्या तरी खाटेचा पाय ठोकायचे. मोपेडचा आवाज आला की कपाळाला आठी.

"अहो, तुमचंच नाव सांगतो तो सगळीकडे," सोयराबाई नवऱ्याला समजवायच्या.

"नाव माझं आणि गिऱ्हाइकं त्याची. सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून ते कानडीतच विषय मिटवायचे.

तेही त्यांनी गिळलं असतं. पण अप्पासाहेबांनी कोरमंगलात नवं घर काढलं आणि मुख्य दाराची चौकट दामोदरला दिली, तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अप्पासाहेबांच्या वडिलांच्या घराचं दार यांचं. हे काम आपल्याकडेच येणार म्हणून पटाश्यांना धार लावून बसले होते बिचारे. आलं ते चौकटपूजेचं आमंत्रण.

जायचं नाही, म्हणाले. आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पोचले. हळदकुंकू लावलेली सागवानी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. जयसिंगराव चूक शोधायला वाकले. सांध्यात नख शिरेना. कोन चोख. छातीत आग लागली त्यांच्या. मग डाव्या बाहीवर, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडावर, हात फिरवला, आणि हात थांबला. गाठींचा कल उलटा होता.

झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करायचं, बुडखा खाली आणि शेंडा वर. उलटं लाकूड दारात उभं केलं तर घर नांदत नाही, असं सुतार मानतात. दामोदरला त्यांनी सगळ्यात आधी शिकवलं होतं ते हेच. आणि पठ्ठ्याने नेमकी मुख्य दारातच बाही उलटी बसवली होती.

पोटात कसं गारगार वाटलं. आत्ताच सांगितलं असतं तर बाही बदलली असती, प्रकरण मिटलं असतं. छे! पूजा होऊ दे, उंबऱ्याखाली नवधान्य पडू दे, चौकट उभी राहू दे. पूजलेली चौकट कुणी उपटत नाही. मग चारचौघांत बोलायचं आणि दामोदरचं पडलेलं तोंड डोळे भरून बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

नवधान्य पडलं, चौकट उचलली गेली, आणि दामोदर ओळंबा घेऊन त्यांच्यापुढे आला. "अण्णा, स्वल्प, जरा इकडे या. ओळंबा तुम्हीच लावा. तुमचा हात लागल्याशिवाय चौकट उभी करायची नाही, असं मी साहेबांना सांगितलंय." मागे अप्पासाहेब शाल घेऊन उभे.

कित्येक वर्षांत कुणी त्यांना असं पुढे बोलावलं नव्हतं. आता बोलावं तर शाल हातची जाणार. म्हातारा विरघळला हो. ओळंबा लावला, "सरी आहे" म्हणाले, शाल खांद्यावर घेतली.

दामोदर पाया पडला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, डावी बाही उलटी बसलीय. सकाळीच माझ्या लक्षात आलं, पण सांगायचा धीर होईना. जीव टांगणीला लागला होता. तुम्ही गाठींवरून हात फिरवलात तेव्हा वाटलं, आता मेलो. पण तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणजे चालतं तर?"

तुझी फजिती बघायची होती म्हणून गप्प बसलो, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

"चालतं," जयसिंगराव म्हणाले.

तेव्हापासून दामोदरने बुडखा-शेंडा बघणंच सोडलं. हाताला येईल तसं लाकूड उभं करायचा. एखाद्या जुन्या माणसाने हटकलं तर बिनधास्त सांगायचा, "आमच्या अण्णांना विचारा." लोक खरंच मल्लेश्वरमला येऊन विचारायचे, आणि जयसिंगरावांना दर वेळी 'हो' म्हणावं लागायचं.