क्वेसारवाल्या विहीणबाई

विहीण या नात्यात जेवढे मानापमान भरलेले असतात, ते सगळे ओलांडून थेट विश्वाच्या बालपणावर बोलायला लागणारी बाई अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकच आहे, आणि ती आमच्या वाट्याला आलीय. विहीणबाई भाईंदरच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावच्या. गावातल्या शाळेत जन्मभर मुलींना शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना आराम म्हणून सुई खाली ठेवली, मोबाईलवर आकाशाची व्याख्यानं ऐकायला लागल्या आणि ऐकता ऐकता क्वेसारवर येऊन अडकल्या त्या अडकल्याच. क्वेसार म्हणजे फार फार लांबच्या दीर्घिकेच्या मध्यावर बसलेलं अजस्र कृष्णविवर. ते आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, पण घास तोंडात जाण्याआधीच थोडा इतक्या जोरात उडवतं की लाखो प्रकाशवर्षं लांबीचा झोत तयार होतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. मला हे पाठ आहे, कारण विहीणबाईंकडचा चहा याच्याशिवाय मिळत नाही. आकडे मात्र त्यांना कधीच जमले नाहीत. "शून्यं मोजीत बसले तर भात करपेल," म्हणतात.

एकदा त्यांच्या दारासमोरच्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या. मागे कोण घेणार यावरून आवाज चढले. विहीणबाई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या. "पोरांनो, विश्व पसरतंय, गल्ली न्हाय पसरत. एकानं मागं घ्या." एकाने घेतलं. पटलं म्हणून की घाबरून, ते कळलं नाही.

मागे त्यांचं मनगट दुखावलं तेव्हा भाईंदरला एक्स-रे काढायला मीच सोबत गेलो होतो. टेक्निशियन म्हणाला, "आंटी, हिलना मत." या न हलता म्हणाल्या, "बेटा, तुम्हारा किरण मशीन से आता है. मेरेवाला जब निकला, तब धरती भी नहीं थी." त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अंकल, सिर पे भी लगा है क्या?"

पण त्यांची खरी ओळख झाली ती सोयरीक ठरायच्या दिवशी. आमच्या मुलाने पालीच्या ग्रेसी नावाच्या ख्रिश्चन मुलीशी लग्न करायचं ठरवलं होतं. "आपल्यात असं कधी झालं नाही," एवढं बोलून माझ्या बायकोने तोंड मिटलं होतं. मुलगाही हट्टाला पेटलेला. घर दुभंगतंय की काय, असं मला वाटायला लागलं होतं. मुलीला घेऊन तिचे आईवडील शांतीनगरला आमच्या घरी आले. पोहे समोर आले, गार झाले. शेवटी विहीणबाईंनाच राहवलं नाही. बशी बाजूला सारून त्यांनी क्वेसार काढला. मुलीने कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात म्हटलं, आटोपलं सगळं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "पण एवढ्या लांबून ते दिसतं तरी कसं?"

"त्याच्या एकट्याच्या जिवावर न्हाय दिसत, बाय," विहीणबाई पुढे सरकल्या. "तवा विश्व लहान व्हतं. जन्माच्या येळचा उजेड सगळीकडं दाट भरलेला. झोत त्या उजेडाला धडकतो, आन् तोच उजेड क्ष-किरण होऊन आपल्याकडं येतो."

बायकोने जरा विचार केला. "मग काम उजेडाचं, आणि नाव त्या झोताचंच का?"

"ह्येच!" विहीणबाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्येच मी ग्रेसीच्या बापाला रोज इचारते!"

दोघी हसायला लागल्या. ग्रेसीचे वडील आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. बायको उठली, सगळ्यांच्या बश्या गोळा केल्या आणि म्हणाली, "पोहे गरम करून आणते." लग्न सकाळी चर्चमध्ये झालं, संध्याकाळी हॉलवर.

त्यानंतर दोघींचं फोनवर तासन् तास चालायचं. बायकोला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण प्रश्न विचारणं तिने कधी सोडलं नाही.

गेल्या वर्षी बायको गेली. विहीणबाई पालीहून आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. स्वयंपाक केला, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी दिलं, पण आभाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरातली ती शांतता मला सोसेना. एका दुपारी मीच म्हटलं, "काहीतरी सांगा ना. नवीन काही सापडलं का तिकडे?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आज न्हाय, व्याही. आज तुमी तिच्याबद्दल बोला."

मी बोलायला लागलो. आमचं लग्न, पहिली भाड्याची खोली, तिचे रुसवे, काय काय आठवत गेलं. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी मी बोलतच होतो, आणि त्या बाईंनी मला एकदाही मध्ये तोडलं नाही.