व्याह्यांचा पाय आणि लाल पेटी

धुळ्याच्या स्टँडवरून जळगावची बस हलली तेव्हा माझी सॅक वरच्या फळीवर होती आणि मांडीवर होती लाल पेटी. कंडक्टरने तिकीट देता देता पेटीकडे पाहिलं आणि मोटार दुरुस्तीला निघालात का बाबा, असं विचारलं. प्रथमोपचाराची आहे म्हटल्यावर मात्र त्याच्या बोलण्यात जरा आदर आला. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

आयटीआयमध्ये मी तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला आहे. पेटी कशी भरावी हे मला कुणी शिकवू नये, अशी माझी समजूत. त्यामुळे सातपुड्यात तीन दिवस पायी भटकायचं ठरलं तेव्हा औषधांचं खातं मी मागून घेतलं. आम्ही चौघं. नकाशा देवरे सरांकडे, कारण त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. खाण्यापिण्याचं असोद्याच्या भास्करभाऊंकडे. आणि चौथे माझे व्याही मधुकरराव, एरंडोलचे, म्हणजे माझ्या सुनेचे, वर्षाचे वडील.

मधुकरराव पोस्टमन होते. खेडोपाडी फिरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण बारा वर्षांपासून त्यांना साखर आहे आणि अलीकडे वर्षाने त्यांचं लांबचं चालणं बंदच केलं होतं. आमचा बेत कळल्यावर त्यांनी मला फोन केला आणि मला न्याल का, असं विचारलं. मुलीच्या सासरी आजवर या माणसाने पाण्याच्या पेल्यापलीकडे काही मागितलेलं नाही. मी लगेच हो म्हटलं आणि वर्षाला समजवायला बसलो.

ती ऐकेना. शेवटी कबूल झाली, पण तिने अट घातली. रोज संध्याकाळी मी स्वतः तिच्या आप्पांचे पाय बघायचे, कारण त्यांना बोचलं-घासलं तरी कळत नाही. ते धड परत आले तर पुढेही जाऊ देईन, नाहीतर हे शेवटचं, असं तिने मला स्वच्छ सांगितलं. मी मान डोलावली. व्याह्यांचे पाय बघायचे म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

औषधं घ्यायला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये गेलो. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ अहिराणी माझ्याहून चांगली बोलतात. मी सगळ्यांत मोठी पेटी दाखवा म्हटलं. त्यांनी पेटी काढलीच नाही.

"पेटी मग बघू. कोण कोण जातंय, वय काय, कुणाला काय दुखणं, ते आधी सांगा."

दुकानात गल्लीतले दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यादेखत माझ्या व्याह्यांना साखर आहे म्हणून सांगू? आमच्यात व्याह्यांचं दुखणं चारचौघांत काढत नाहीत. त्यात मुलीकडची माणसं, लोक लगेच भलते अर्थ काढतात. मी छातीठोकपणे सांगितलं, सगळे ठणठणीत आहेत. मग शेठनी ठणठणीत खान्देशी माणसाला जे लागतं ते दिलं: जळजळीच्या गोळ्या, गॅसच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, मलम, बाम, कापसाचे दोन गठ्ठे, बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या. पेटीत जागा उरली म्हणून मीच आणखी एक बामची बाटली मागितली.

एरंडोलला मधुकरराव चढले. डोक्यावर टोपी, पाठीवर नातवाची शाळेची सॅक, पायात नवेकोरे बूट. बूट नवे कशाला घेतले विचारलं तर म्हणाले, तुमच्यासोबत यायचं तर जरा बरं दिसायला नको? वास्तविक लांब चालायला जुना, पायाला सरावलेला बूट बरा, हे मला ठाऊक होतं. पण व्याह्यांना कसं सांगायचं? जळगावला देवरे सर आणि भास्करभाऊ भेटले. भास्करभाऊंच्या डब्यात असोद्याच्या वांग्यांचं भरीत होतं आणि रावेर येईपर्यंत त्याचा वास बसभर पसरला होता.

रावेरच्या बाहेर केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही जेवायला बसलो. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची), भरीत, ठेचा. दारात ट्रॅक्टर रिकामे होत होते. बायका घडातून फण्या कापून हौदात धुवायच्या, पुसायच्या आणि दोन फण्यांमध्ये पांढऱ्या फोमचा तुकडा घालून खोक्यात बसवायच्या. इतक्या हळू हाताने की मी भाकरी हातात धरून बघतच राहिलो. त्यांच्यात सुमनबाई म्हणून एक होत्या. माहेर अमळनेरकडचं, म्हणून आमची बोली ऐकून त्या आपणहून बोलायला आल्या. सासर डोंगराच्या पायथ्याला, पावसावरची थोडी शेती, एरवी ही मजुरी. उद्या त्या घरीच असणार होत्या आणि आमची वाट त्यांच्या दारावरून जात होती. मुक्काम आमच्या अंगणात करा, असं त्यांनी बजावूनच सांगितलं.

पहिली रात्र एका शाळेच्या ओसरीवर काढली. संध्याकाळी मी चार हातांवरून मधुकररावांना विचारलं, पाय ठीक ना? ते म्हणाले, एकदम. झाली माझी तपासणी.

दुसऱ्या दिवशी केळीच्या बागा मागे पडल्या आणि सागाची झाडं सुरू झाली. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, पायाखाली वाळका पाला. मधुकरराव सगळ्यांच्या पुढे. एका वळणावर थांबून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, दोन वर्षांत एवढं आभाळ बघितलं नव्हतं. मला भरून आलं. लाल पेटीने माझा खांदा निघायची वेळ आली होती, पण त्या क्षणी मला तिचंही वजन वाटलं नाही. देवरे सरांनी मात्र पेटी बघून दोनदा मान हलवली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

उन्हं कलताना सुमनबाईंच्या दारी पोचलो. अंगण ताजं सारवलेलं. सगळ्यांनी बूट बाहेर काढले. मधुकरराव आत येऊन खाटेवर बसले आणि सुमनबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं लक्ष सारवणाकडे होतं. खाटेपर्यंत एकाच पायाचे ओले ठसे उमटले होते.

"आबा, तुमना मोजा वला शे," त्या म्हणाल्या. (आबा, तुमचा मोजा ओला आहे.)

मधुकररावांनी पाय खाटेखाली घेतला. घाम असेल म्हणाले. एकाच पायाला घाम? मी पेटी घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पाय पुढे करा म्हटलं. ते ताडकन उठले. चेहरा लालबुंद. हात जोडून म्हणाले, असं करू नका, मला पाप लागेल, मुलीच्या सासऱ्याने माझ्या पायाला हात लावायचा नसतो. मी पाय ओढायचा, त्यांनी सोडवून घ्यायचा, असं आमचं दोन मिनिटं चाललं. भास्करभाऊ आणि देवरे सर अवघडून दुसरीकडे बघत होते. मग माझा पारा चढला.

"पोटची मुलगी दिलीत की हो माझ्या घरात," मी म्हणालो, "आणि एक पाय देताना जीव का जातो तुमचा?"

ते खाली बसले. मी पाय मांडीवर घेतला आणि मोजा हळूच सोडवला. टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता, खालची कातडी सोलून निघाली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं. सकाळी बूट जरा घट्ट वाटले होते, एवढंच म्हणाले. साखरेच्या माणसाची अशी जखम चिघळली तर काय होतं, हे मी आमच्या गल्लीत पाहिलेलं आहे.

आणि मग मी माझी पेटी उघडली. लाज वाटली हो. जळजळीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या, दोन बाम, बोटापुरत्या चिकटपट्ट्या, आणि उघड्या जखमेवर ठेवला तर चिकटून बसेल असा कापूस. जखमेवर ठेवायचं साधं गॉज नाही, बांधायला बँडेज नाही. चार माणसांच्या पोटाची सोय होती, आठ पायांची नव्हती. शेठनी विचारलेला प्रश्न कानात वाजत होता. त्यांच्या दुकानात मी एक वाक्य खरं बोललो असतो तर पेटी वेगळी भरली असती.

सुमनबाईंनी माझ्याकडे बघत वेळ घालवला नाही. चुलीवर पाणी उकळायला ठेवलं. देवरे सरांनी सॅकमधून कोरा सुती रुमाल काढला, तो उकळून शेकावर वाळवला. पाणी निवल्यावर मी टाच धुतली आणि रुमालाची घडी वर ठेवली. आता यावर काही घासलं तर सगळं फुकट, असं मी म्हणालो, तशा सुमनबाई आत गेल्या आणि फोमचा एक तुकडा घेऊन आल्या. शेडमधून आणलेला, पोराच्या खेळण्यासाठी.

"केळं घसायनं का काळं पडस," त्या म्हणाल्या. (केळं घासलं की काळं पडतं.) पडल्याने जेवढा माल जात नाही तेवढा घासल्याने जातो, असं त्यांनी मला समजावलं. त्यांना दिवसभर हेच बघायचं असतं, कुठे काय घासतंय.

पुढचं मला कुणी सांगायला नको होतं. मधे भोक, भोवती कडं. मी फोमचा वॉशर कापला, कड्याच्या मधोमध जखम येईल असा घडीवर बसवला आणि भास्करभाऊंच्या धुतलेल्या पंच्याची पट्टी फाडून बांधला. टाचेला कशाचाच स्पर्श होत नव्हता. मधुकररावांनी सगळा वेळ छपराकडे बघितलं. बांधून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मी दिसलंच नाही असं दाखवलं.

सकाळी देवरे सर आणि भास्करभाऊ ठरल्या वाटेने पुढे गेले. आम्ही दोघं जीपने खालच्या आरोग्य केंद्रात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, फोमचं कडं उलटसुलट करून पाहिलं आणि कुणी केलं विचारलं. फिटरने आणि केळी भरणाऱ्या बाईने, मी सांगितलं. त्या हसल्या. जखम स्वच्छ आहे, वेळेवर सापडली, म्हणाल्या. आणखी एक दिवस चालला असतात तर मी असं हसत बोलले नसते, हेही म्हणाल्या. त्यांनी नवीन पट्टी केली, गोळ्या दिल्या आणि भरेपर्यंत चालणं बंद केलं. माझा जीव भांड्यात पडला, पण मधुकररावांचा चेहरा उतरला. रावेरच्या वाटेवर म्हणाले, संपलं आता आमचं फिरणं.

जळगावला बस बदलायला वेळ होता. मधुकरराव स्टँडजवळच्या मेडिकलच्या पायरीशी थांबले आणि लंगडत वर चढले. गिऱ्हाईकं भरपूर होती. त्या सगळ्यांसमोर ते दुकानदाराला म्हणाले, मला बारा वर्षं साखर आहे, पायाला बोचलेलं कळत नाही, आणि आम्ही चौघं डोंगरात चालणारे म्हातारे आहोत, तर बरोबर काय ठेवावं? दुकानदाराने शांतपणे एकेक वस्तू काढली. मोठं गॉज, कागदी चिकटपट्टी, दोन बँडेज, फोडावर लावायचे मऊ पॅच, जुलाबासाठी मीठसाखरेची पाकिटं, साखर एकदम उतरली तर ग्लुकोज. तळपाय बघता यावेत म्हणून एक छोटा आरसाही. सगळं मिळून एका हातात मावेल अशी पिशवी झाली. मी कागद मागून घेतला आणि चौघांची नावं, वयं, दुखणी, चालू गोळ्या त्यावर लिहिल्या. माझं ब्लडप्रेशरही लिहिलं, जे मी आजवर व्याह्यांपासून लपवलं होतं. ते वाचून मधुकरराव म्हणाले, हे कधीपासून? मग एरंडोलपर्यंत आम्ही एकमेकांना आपापली दुखणी सांगत बसलो. वर्षाच्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं. एरंडोल आलं तरी ते उतरले नाहीत. वर्षाला तोंड दाखवूनच जाईन, म्हणाले.

धुळ्याला वर्षाने दार उघडलं आणि पहिली नजर खाली टाकली. मी काही लपवलं नाही. मेडिकलमध्ये खोटं बोललो, पहिल्या संध्याकाळी लांबूनच विचारलं, पाय बघितला नाही, सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे नुसते डोळे भरले. प्रवासात माणूस डोंगर, नद्या, नवी गावं बघतो म्हणतात. मी तर शेजारी बसलेलाच माणूस पहिल्यांदा बघून आलो होतो, आणि तेही त्याची टाच सोलल्यावर.

संध्याकाळी पट्टी बदलायची वेळ झाली. वर्षा पाणी, गॉज सगळं घेऊन आली आणि वडिलांसमोर खाली बसली. मधुकररावांनी पाय मागे घेतला.

"तू राहू दे," ते म्हणाले, "माझे व्याही करतात ते."

आणि त्यांनी आपणहून पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. वर्षा ते बघत राहिली. मी पट्टी सोडली, जखम धुतली, नवीन गॉज ठेवलं. ती वाकून टाच बघत होती, माझे हात बघत होती. पट्टी बांधून झाली तेव्हा ती उठली, पदराने डोळे पुसले आणि बाहेर काढून ठेवलेले ते नवे बूट उचलून घेतले.

"हे मी कुणाला तरी देऊन टाकते," ती म्हणाली. "जखम भरली की दोघं जाऊन नवे घ्या. एक नंबर मोठे."