पात्यावरचं झाकण

“गँगरीन झालंय. बोटं काढावी लागतील,” यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

गँगरीन म्हणजे रक्त न पोचल्यानं मांस मरतं, सडतं. यजमानांच्या हाताची चिंधी सोडली तेव्हाच्या वासानं मला ते आधीच सांगितलं होतं. मी बाहेर जाऊन ओकले.

पांढरकवड्याच्या आरा गिरणीत ते सागवान चिरत. गोल पात्यावर लोखंडी झाकण असतं, हात लागू नये म्हणून. त्याला सॉ गार्ड म्हणतात. जाड लाकूड अडतं म्हणून मालकानं ते काढायला लावलं. एक दिवस फळी उसळली आणि हात पात्यावर गेला. मालकानं जखमेत हळद कोंबली, पोत्याची चिंधी गुंडाळली आणि घरी पाठवलं. दवाखान्यात नेलं असतं तर चौकशी झाली असती, हे मला पुढे उमजलं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. रोज ड्रेसिंग व्हायचं, म्हणजे जखम धुऊन नवी पट्टी. मी तोंड फिरवायची. नर्सबाई हळूच म्हणाल्या, “असं नका करू. ते तुमच्याकडंच पाहून राह्यले.” त्या दिवसापासून जखम धुताना खालचं भांडं मी धरलं. तुमच्यावर अशी पाळी आली, तर तुम्हीही धरा. दोन-चार दिवस अन्न जात नाही, मग जातं.

मालक भेटायला आला, नाकाला रुमाल लावून.

“नशीब, बाई. डावा हात तर शाबूत हाये ना?”

त्यानं आणलेली केळी मी वॉर्डाबाहेर ठेवून आले.

यजमानांची हत्यारं आणायला गिरणीत गेले. मशीन तसंच उघडं फिरत होतं, नवा माणूस लाकूड सरकवत होता. झाकण मालकाच्या गादीशेजारी उलटं पडलेलं. तो त्यात पान थुंकत होता.

मी ते उचललं आणि त्याच्या पांढऱ्या गादीवर पालथं केलं.

“याड लागलं का तुले?”

“तुमचंच हाये, मालक. कायले किळस येते?”

नव्या माणसानं पट्टा काढून मशीन थांबवलं.

घरी आल्यावर यजमान काम शोधू लागले. जिथं जातील तिथं आधी विचारत, “झाकन हाये का?” लोक म्हणत, हा वाचला पण वेडा झाला. उमरखेडचा एक गिरणीवाला मात्र त्यांना मशीनपाशी घेऊन गेला. झाकण जागेवर होतं, भुशानं माखलेलं. यजमानांनी उरलेल्या अंगठ्यानं ते हलवून पाहिलं. हललं नाही.

आम्ही तिथंच बिऱ्हाड केलं.