रक्तातला खवटपणा

आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण समजतात. आमचे हे तर असे घोरत की शेजारीण म्हणायची, "वयनी, यायले वावरात झोपवा, रानडुकरं तरी पळतील!" मीही हसायची. पण यांचा श्वास मधेच थांबे, मग दचकून सुरू होई, तोवर माझा जीव टांगणीला. झोप कसली लागते! आणि दिवसा हे आमच्या धाड गावच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाशी बसल्याबसल्या डुलकत.

शेवटी बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. झोपेची तपासणी झाली, नाकावर लावायचं हवेचं मशीन मिळालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा यावर काही अभ्यास चालू होता, म्हणून त्यांनी रक्तही घेतलं. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "श्वास अडकतो, पुन्हा येतो. त्या ओढाताणीत रक्तातली चरबी खराब होते. तेल खवट होतं ना, तसं समजा. यांच्या रक्तात ते प्रमाण जास्त आहे. असंच चाललं तर हृदयालाही त्रास होऊ शकतो."

हृदयाचं नाव निघालं. आणि आमच्याकडे दुखणं आलं की आधी पथ्य! घरी येताच करडईच्या तेलाचा डबा बंद केला. भाजी उकडलेली, भाकर कोरडी.

"उपाशी मारून राह्यली काय वं मले?"

"गुमान जेवा. रक्त खवट झालं तुमचं."

मशीन यांना टोचायचं, म्हणून ते कपाटात गेलं. मीही ते बाहेर काढलं नाही. पथ्य चालू होतं ना!

पुढच्या खेपेला मी हे सगळं ऐटीत सांगितलं, तर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, हा खवटपणा कढईतून नाही आला हो, अडकलेल्या श्वासातून आला. त्यांना नीट जेवू द्या आणि मशीन लावा."

त्यांनी मऊ मास्क दिला. "हत्तीवानी सोंड लावली मले," असं म्हणत का होईना, हे रोज लावू लागले. घोरणं थांबलं. पण आतलं काय? ती धास्ती दुसऱ्यांदा रक्त तपासेपर्यंत गेली नाही.

"खवटपणा बराच उतरला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशीन मात्र सोडायचं नाही."

मी दोनदा विचारून घेतलं. मग एस्टीत खिडकीशी बसले, एवढंच आठवतं.

"उठ वं, धाड आलं. सारी गाडी तुले आयकून राह्यली होती."

"मी घोरत होती?"

"मंग काय! आता तुलेबी नेतो तपासाले."

"न्या," म्हटलं, "पण आधी उतरू तर द्या."