अख्खी मिळणार नाही

माझ्या हातची कडक भाकरी पातळ आणि चंद्रासारखी गोल असते, हे मी स्वतःच सांगते. कारण ते खरं आहे. सोलापुरात ती घराघरांत होते, म्हणून मी बाहेरगावच्या लोकांसाठी ॲपवर विकायला लागले. मुंबई-पुण्याला डबे जायचे, लोक नावाजायचे. मग पुण्याचं एक गिऱ्हाईक भेटलं.

दर महिन्याला हा गृहस्थ डबा मागवायचा आणि दर महिन्याला फोटो टाकून तक्रार करायचा, "सगळ्या मोडल्या होत्या. कचऱ्यात टाकल्या." पैसे त्याला परत मिळायचे. डबा भरतानाचा व्हिडिओ मी पाठवून पाहिला, तर ॲपवाले म्हणाले, वाटेत मोडल्या असतील. वर बजावलं, अशी आणखी एक तक्रार आली की तुमचं दुकान बंद. त्याची ऑर्डर नाकारायची सोयही मला ॲपवर नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅसपुढे घाम गाळून उभं केलेलं दुकान या फुकट्याच्या एका फोटोनं बंद होणार? मुळीच नाही.

आणि आम्ही तरी कडक भाकरी खातो कशी? आमटीत चुरूनच की. दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्यांची चवड पुढ्यात घेतली आणि एकेक मोडायला लागले.

आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. "अगं, येडी का खुळी तू? तुकडं कुनी इकतं व्हय? लोकं नावं ठेवतील की!"

त्यांचं चुकत नव्हतं. पण म्हटलं, "आत्या, अख्खी आपण घरी खाऊ. दुकान मात्र मी बंद पडू देणार नाही."

त्या पुटपुटत खाली बसल्या आणि थोड्या वेळानं त्याही मोडू लागल्या.

ॲपवर मी नवं नाव दिलं, 'हातानं मोडलेली कडक भाकरी'. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, अख्खी मिळणार नाही.

पुढच्या महिन्याला त्याचा डबा गेला. आता मोडल्याची तक्रार करायची सोय उरली नव्हती. मग त्यानं एकच स्टार देऊन लिहिलं, "आधीच्यांची चव राहिली नाही. त्या फार खुसखुशीत होत्या."

मी पिठाचे हात पुसले. जिभेवर आलेल्या चार शिव्या गिळल्या आणि सगळ्यांना दिसेल असं त्याखाली लिहिलं, "दादा, आधीच्या तर तुम्ही कचऱ्यात टाकल्या होत्या ना?"